गॅरेजचं वर्कशॉप: आधी ओल, मग वीज, मग टेबल

रो-हाउसच्या किंवा बंगल्याच्या गॅरेजमध्ये गाडीपेक्षा अडगळच जास्त असते. ती काढून तिथे सुतारकाम, दुरुस्ती, थोडंफार लोखंडी काम करायचं ठरलं की बहुतेक जण पहिल्या रविवारी रॅक विकत आणतात. घोळ इथूनच सुरू होतो. रॅक भिंतीला लागले की मागची ओल दिसत नाही, नवी वायर ओढायची म्हटली की सगळं पुन्हा सरकवावं लागतं, आणि टेबलाला उरलेल्या कोपऱ्यात बसावं लागतं. मांडणी सगळ्यात शेवटी करायची.

खाली १० फूट रुंद, १८ फूट लांब आणि पुढे शटर असलेलं गॅरेज धरलं आहे. इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगला यातलं काही लागू नाही. रेरा कायद्यात गॅरेज म्हणजे छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली जागा, आणि स्टिल्ट पार्किंग ही सामाईक जागा असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं आहे.

रिकामं करणं

अर्धं सामान या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवून काही होत नाही. सगळंच्या सगळं अंगणात काढा. रंगाचे डबे उघडून बघा, घट्ट गोळा झालेला रंग परत पातळ होत नाही. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी बॅटरीवाला बदल्यात घेतो, ती भंगारात देऊ नका. ‘कधीतरी लागेल’ म्हणून ठेवलेल्या लाकडाच्या तुकड्यांना एकच खोकं द्या. ते भरलं की नवा तुकडा ठेवायला जुना बाहेर काढायचा.

ओल

प्लॅस्टिकचा दोन बाय दोन फुटांचा तुकडा फरशीवर ठेवून चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि एक दिवस तसाच राहू द्या. खालच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर ओल जमिनीतून येते आहे, वरच्या बाजूला दिसले तर हवेतून. जमिनीतून येत असेल तर वर रबरी मॅट अंथरू नका. ओल जात नाही, फक्त झाकली जाते, आणि मॅटखाली कुजका वास धरतो.

भिंतीवर पांढरे क्षार किंवा रंगाचे पोपडे असतील तर आतून वॉटरप्रूफ रंग मारणं म्हणजे पैसे वाया. पाणी मागून ढकलत असतं, एका पावसाळ्यात रंग सुटतो. बाहेर जाऊन बघा: भिंतीला टेकलेली कुंड्यांची रांग, जोत्यापेक्षा उंच चढलेली बागेची माती किंवा गच्चीचा फुटका पाइप, यांपैकी काहीतरी सापडतं. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी. घरात लाकूड आणण्याआधी फरशी आणि भिंतीच्या सांध्यात फुटाफुटावर भोकं पाडून औषध सोडून घ्या. रॅक लागल्यावर तो सांधा हाताला येत नाही.

शटरखालून पावसाचं पाणी येत असेल तर बाहेरच्या बाजूला दोन इंच उंचीचा, दोन्हीकडे उतरता सिमेंटचा उंबरठा करा. एका टोकाला खाच ठेवायला विसरू नका. गॅरेजच्या फरशीचा उतार बहुधा बाहेर असतो, आतलं पाणी तिथेच अडून बसेल.

वीज

गॅरेजमध्ये सहसा एक दिवा आणि एक ५ अँपिअरचा सॉकेट असतो. त्यावर एक्स्टेंशन लावून ग्राइंडर चालवणं हा आग लागण्याचा सरळ रस्ता आहे. गुंडाळलेल्या एक्स्टेंशनची वायर आतल्या आत तापते, बाहेरून कळतही नाही.

हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, पण काय मागायचं ते माहीत हवं. घराच्या मुख्य बोर्डातून ४ चौरस मिमीची तांब्याची वायर आणि २५ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच. गॅरेजमध्ये छोटा वेगळा बोर्ड, त्यात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. पुढे २.५ चौरस मिमीच्या दोन स्वतंत्र लाइन, प्रत्येकीला १६ अँपिअरचा ‘सी’ प्रकारचा एमसीबी. दिव्यांसाठी तिसरी लाइन, १.५ चौरस मिमी आणि ६ अँपिअर. ‘सी’ प्रकार मुद्दाम सांगायचा, कारण मोटर सुरू होताना क्षणभर कित्येक पट करंट ओढते. ‘बी’ प्रकारचा एमसीबी ३ ते ५ पटीला पडतो, ‘सी’ ५ ते १० पटीला. आरसीसीबी माणसाला शॉकपासून वाचवतो, जास्त लोडपासून वायरला वाचवत नाही, दोन्ही लागतात. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा.

दोन लाइन का? १६ अँपिअर गुणिले २३० व्होल्ट म्हणजे ३६८० वॉट. सात इंची सर्क्युलर सॉ १४०० वॉटपर्यंत, सोबत व्हॅक्युम क्लीनर १२००. बेरीज बसते, पण दोन्ही एकदम सुरू झाले की एमसीबी पडू शकतो. लोखंड कापायचा चौदा इंची चॉप सॉ एकटाच २००० वॉटच्या वर जातो. वेल्डिंग मशीन घेणार असाल तर त्याची वेगळी लाइन, आणि महावितरणच्या बिलावरचा मंजूर भार आधी तपासा.

सॉकेट फरशीपासून साडेतीन ते चार फुटांवर घ्या. टेबलामागे ते झाकले जात नाहीत आणि पाणी शिरलं तरी कोरडे राहतात.

चार फुटी २० वॉटचे चार एलईडी बॅटन एवढ्या जागेला पुरतात. त्यातला एक टेबलाच्या पुढच्या कडेच्या बरोबर वर हवा. दिवा पाठीमागे असला की स्वतःचीच सावली आखलेल्या रेघेवर पडते. चोकवाली जुनी ट्यूब मात्र काढाच. तिच्या लुकलुकण्यात फिरतं पातं थांबल्यासारखं दिसू शकतं.

टेबल

जागा मागच्या भिंतीला, शटरसमोर. चार मीटरच्या आतली गाडी १३ फुटांची. १८ फुटांतून ती वजा केली की पाच फूट उरतात. दोन फूट टेबल, शटरपाशी अर्धा फूट, आणि उभं राहायला जवळजवळ अडीच फूट. म्हणजे गाडी आत असतानाही स्क्रू काढणं, सोल्डरिंग, कानस मारणं चालतं. लांब फळी कापायची असेल तेव्हा गाडी बाहेर.

वरचा भाग ८ बाय ४ च्या एका प्लायमधून निघतो. १८ मिमीचा शीट लांबीत मधोमध कापला की ८ बाय २ च्या दोन पट्ट्या. दोन्ही वॉटरप्रूफ फेविकॉलने एकमेकांवर चिकटवून खालून ३२ मिमीचे स्क्रू आठ-आठ इंचांवर मारा, ३६ मिमी जाडीचं न वाकणारं टेबल होतं. प्लाय आयएस ७१० या मानकाचा, म्हणजे मरीन प्लाय घ्या. आयएस ३०३ चा एमआर प्लाय स्वस्त पडतो, पण दमट गॅरेजमध्ये त्याच्या कडा लवकर उकलतात. वर ६ मिमीचा प्लाय फक्त स्क्रूने लावा, गोंद नको. तो खराब झाला की बदलता येतो.

पाय ४० बाय ४० मिमीच्या लोखंडी चौकोनी पाइपचे, जाडी २ मिमी. प्रत्येक पायाखाली फिरवून उंची बदलता येणारा बोल्ट वेल्ड करून घ्या. फरशीला उतार असल्यामुळे त्याशिवाय टेबल कधीच पाणसळीत येणार नाही. आठ फुटांच्या लांबीला मधे तिसरी जोडी द्या. उंची ठरवायची तर सरळ उभे राहा, हात खाली सोडा. मनगटाच्या घडीपर्यंतची उंची बहुतेक कामांना चालते. रंधा मारणं हेच मुख्य काम असेल तर दोन-तीन इंच कमी.

वाइस, म्हणजे वस्तू घट्ट पकडायचा शिकंजा, पायाच्या बरोबर वर बसवा, दोन पायांच्या मधे नाही. हातोडीचा मार तिथे प्लाय झेलू शकत नाही. त्याचा मागचा, न सरकणारा जबडा टेबलाच्या कडेच्या किंचित बाहेर यायला हवा. तो आत राहिला तर लांब पट्टी उभी पकडताच येत नाही, आणि हे नेमकं भोकं पाडून झाल्यावर लक्षात येतं.

अख्खा प्लाय कापायला टेबल पुरत नाही. फरशीवर दोन इंची थर्माकोलचा शीट टाका, त्यावर प्लाय, आणि सॉचं पातं प्लायच्या जाडीपेक्षा ५ मिमी जास्त बाहेर.

भिंती आणि रॅक

गिलाव्यात पकड नसते. गिलावा १५–२० मिमीचा धरला तर ५० मिमीचा स्क्रू विटेत जेमतेम ३० मिमी जातो. १० मिमीचे प्लग आणि ७५ मिमीचे स्क्रू घ्या. एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र सिमेंट-ब्लॉकची) भिंत असेल तर साधा प्लग सैल होतो, ब्लॉकसाठीचे लांब नायलॉन फास्टनर मागा.

टेबलामागे १८ मिमीचा प्लाय भिंतीपासून एक इंच पुढे, पट्ट्यांवर बसवा. मागे हवा खेळती राहते. मग हवं तिथे खिळा मारायचा. आपल्याकडे पक्कड, पाने, पटाश्या यांचा संच सतत बदलत असतो, त्यामुळे तयार भोकांच्या बोर्डापेक्षा साधा प्लाय बरा. रोज लागणारी हत्यारं हात लांबवून पोहोचतील अशी, बाकीची वर.

स्लॉटेड अँगलचे रॅक १५ इंच खोल पुरेत. १८ इंचात मागची रांग कायमची हरवते. ते भिंतीला बोल्ट करा आणि खालचा कप्पा सहा इंच वर ठेवा. फरशीवर फक्त चाकं असलेली वस्तू राहील हा नियम मोडला की दोन महिन्यांत पुन्हा अडगळ. शटर गुंडाळलं जातं त्या पेटीखाली पोटमाळा करू नका. शटर दुरुस्त करायला तो तोडावा लागतो.

आग, आवाज, गंज

ग्राइंडरची जागा शटरपाशी. ठिणगी भुशात पडली की तासभर धुमसते आणि तुम्ही जेवायला गेल्यावर पेटते. स्कूटर आत असेल तर आधी बाहेर काढा, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि फरशीवरूनच पसरते. अळशीच्या तेलाची फडकी गोळा करून टाकू नका, ती आपोआप तापतात. पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा. ४ किलोचा एबीसी अग्निशामक दाराशी लावा. खोलीच्या टोकाला लावला तर तो आगीच्या पलीकडे राहतो.

आवाजाच्या नियमांत रात्र १० ते सकाळी ६ अशी धरली आहे. दुपारी दोन ते चारची वेळ कोणत्याही नियमात नाही, पण शेजारी तीच लक्षात ठेवतात.

मे अखेरीस सगळ्या लोखंडी हत्यारांना शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या. पटाश्या आणि ड्रिल बिट झाकणबंद डब्यात सिलिका जेलसोबत. दाणे निळ्याचे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परत निळे करता येतात. आणि सागवानी फळीचे ड्रॉवर उन्हाळ्यात करत असाल तर वरून ३ मिमी फट ठेवा. फळी उंचीत फुगते. एप्रिलमध्ये नेमका बसलेला ड्रॉवर जुलैत उघडत नाही.