सिंगापुरात हलाल कसं ओळखायचं : विदर्भातून नव्याने आलेल्यांसाठी

गावात मटण हलाल आहे का, हे कोणी विचारत नाही. बाजाराच्या दिवशी बोकड कोणी कापला हे अख्ख्या गल्लीला ठाऊक असतं आणि सुरी धरणारा मुल्लाजी आपल्याच मोहल्ल्यातला असतो. अचलपूर, बाळापूर, कारंजा, दिग्रस, कुठूनही सिंगापूरला कामाला या, पहिल्याच आठवड्यात हे नडतं. इथे खाटीक ओळखीचा नाही, म्हणून कागद वाचायला शिकावं लागतं.

तो कागद मुईस देते. मजलिस उगामा इस्लाम सिंगापुरा, म्हणजे मुईस, ही इथल्या मुसलमानांचा धार्मिक कारभार पाहणारी कायद्याने नेमलेली संस्था. १९७८ पासून ती हलालचा दाखला देते. दाखला दुकानात दर्शनी लावलेला असतो. हिरवी खूण दिसली की लगेच बसू नका, आधी त्यावरचं दुकानाचं नाव, पत्ता आणि मुदत वाचा. दाखला मालकाला मिळत नाही, त्या जागेला मिळतो. त्यामुळे एकाच मालकाच्या दोन दुकानांपैकी एकाला तो असतो, दुसऱ्याला नसतो. शंका आली तर मुईसच्या ‘हलाल एसजी’ संकेतस्थळावर नाव टाकून बघा. खोटी खूण लावली तर १०,००० डॉलरपर्यंत दंड किंवा १२ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून खूण सहसा खोटी नसते. खरी कसरत खूण नसलेल्या ठिकाणी असते.

अशी ठिकाणं दोन तऱ्हेची. पहिली मुसलमान मालकाची, पण दाखला न काढलेली. भिंतीवर आयत टांगलेली असते, ‘मुस्लिम ओन्ड’ अशी पाटी असते. इथे मांस कोणाकडून घेता, एवढं सरळ विचारा. नीट दुकानदार पुरवठादाराचं नाव सांगतो, खोक्यावरची चिठ्ठीही दाखवतो. विचारल्यावर चिडला तर उठून पुढच्या स्टॉलवर जा, स्टॉलांना तोटा नाही.

दुसरी तऱ्हा जास्त फसवी. पाटीवर लिहिलेलं असतं, ‘नो पोर्क, नो लार्ड’. म्हणजे डुकराचं मांस नाही, डुकराची चरबी नाही, बस. कोंबडी जबिहा केलेली, म्हणजे अल्लाचं नाव घेऊन कापलेली आहे, असं ती पाटी म्हणत नाही. चिनी स्वयंपाकात मांस मुरवताना तांदळाची दारू घालतात, तिच्याबद्दलही पाटी गप्पच. पाटी खोटी नसते, आपणच तिचा अर्थ वाढवून घेतो.

खाण्याची मोठी ठिकाणं म्हणजे हॉकर सेंटर. एका छपराखाली पन्नास-शंभर स्टॉल, चिनी, मलय, भारतीय सगळे शेजारी शेजारी. चिनी स्टॉलवर नाव ऐकूनच बरंच कळतं. नावात ‘बाक’ आलं की समजा डुक्कर : बाक कुत तेह, बाक चोर मी (इथे ‘मी’ म्हणजे नूडल्स), बाक क्वा. बाक म्हणजे मांस, आणि चिनी स्वयंपाकात कशाचं ते न सांगता नुसतं मांस म्हटलं की डुकराचंच धरतात. चार सिऊ आणि लाप चेओंग हेही तेच. चार क्वे त्याव या रुंद नूडल्स पारंपरिक पद्धतीने डुकराच्या चरबीत परततात. वर चरबीचे तळलेले बारीक तुकडे पडतात. ते तळलेल्या पावाच्या तुकड्यांसारखे दिसतात, म्हणून नवा माणूस बिनधास्त खातो. होक्कियेन मी दिसायला कोळंबीची, पण तिचा रस्सा बहुधा डुकराच्या हाडांवर उकळलेला. ‘कॅरट केक’ला तर ना गाजर, ना केक. मुळा आणि तांदळाच्या पिठाचा वाफवलेला गोळा कापून अंड्यात परततात, तोही कित्येकदा चरबीत. हे सगळे पदार्थ दाखला असलेल्या स्टॉलवर हलाल रूपातही मिळतात. हौस असेल तर तिथेच भागवा.

मलय भाषेत डुकराला ‘बाबी’ म्हणतात. ‘आदा बाबी?’ म्हणजे यात डुक्कर आहे का. गावाकडे कोणाचं लाडाचं नाव बाबी असेल, तर व्हिडिओ कॉलवर मोठ्याने हाक मारू नका, आजूबाजूचे वळून बघतील.

बाकीच्यांचं थोडक्यात. जपानी दुकानात तोनकोत्सू रामेनचा दुधाळ रस्सा डुकराच्या हाडांचा असतो आणि तेरियाकीत मिरिन ही तांदळाची गोड दारू असते. गोचुजांग या कोरियन मिरचीच्या चटणीच्या काही डब्यांत अल्कोहोल असतं, डबा फिरवून वाचा. बेकरीत रम आणि जिलेटिन बघा. मॅकडोनल्ड्स, केएफसी यांना इथे मुईसचा दाखला आहे. परवडतं, पण रोज खाण्यासारखं नाही.

आता एक गोष्ट जी कुठल्याच पाटीवर नसते. आपल्याकडचे बहुतेक हनफी मझहबचे, इथले मलय शाफई मझहबचे. शाफईंना समुद्रातलं जवळपास सगळंच चालतं. त्यामुळे मुईसच्या हिरव्या खुणेखाली खेकडा, माखुल (स्क्विड), शिंपल्याही येतात. हनफी मताने ते चालत नाहीत, कोळंबीबद्दल आपल्याच मौलवींत दोन मतं आहेत. घरी जे पाळता ते इथेही पाळायचं असेल तर चार शब्द पाठ करा : सोतोंग म्हणजे माखुल, केतम म्हणजे खेकडा, केरांग म्हणजे शिंपल्या, उडांग म्हणजे कोळंबी. नासी लेमाक, म्हणजे नारळाच्या दुधातला भात, त्याच्या लाल चटणीत कधी सोतोंग निघतो, कधी इकान बिलिस. हे इकान बिलिस म्हणजे सुकी बारीक मासळी, ती चालते.

रोजच्या पोटाला भारतीय मुस्लिम आणि मलय स्टॉल बरे. साधारण ४ ते ६ डॉलरमध्ये ताट होतं. नासी पदांगला भातावर काय हवं ते बोटाने दाखवायचं. भाव आधी विचारा, मटणाचा तुकडा वाढला की बिल चढतं. बिर्याणीबरोबर वाटीत दालचा येतो. शब्द लग्नाच्या पंगतीतलाच, मात्र दुधीऐवजी त्यात वांगं, बटाटा, गाजर असतं आणि तिखट आपल्या निम्मंही नसतं. सुलतान मशिदीसमोर नॉर्थ ब्रिज रोडवर १९०८ पासूनचं झमझम आहे, तिथला मटण मुर्तबाक, म्हणजे मटण भरलेला पराठा, दोघांत एक पुरतो. ज्या गल्लीत हलाल काहीच दिसत नाही तिथे बौद्ध शाकाहारी स्टॉल शोधा. त्यांच्याकडे कांदा-लसूणही नसतो. तिथे ‘चार सिऊ’ लिहिलेलं दिसलं तरी दचकू नका, ते गव्हाच्या चिकाचं असतं.

जेवण झालं की ताट आपणच उचलायचं. टेबलावर सोडलं तर पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा ३०० डॉलर दंड. ताट ठेवायच्या मांडण्या हलाल आणि बिगरहलाल अशा वेगळ्या असतात. पाटी वाचून ठेवा. चुकून दुसरीकडे ठेवलं की भांडी मिसळतात आणि मलय काका-मावशी तिथल्या तिथे सुनावतात.

डॉर्मिटरीत राहणाऱ्यांचा डबा पहाटेच येतो आणि उघडतात दुपारी. इथल्या दमट उकाड्यात रस्सा तोवर आंबतो. ठेकेदाराच्या डब्याला हलाल दाखला आहे का, हे पैसे भरायच्या आधी विचारा. स्वतः रांधणार असाल तर तवा, पातेलं आणि झारा आपला वेगळा ठेवा. सामाईक चुलीवर काल कोणी काय शिजवलं, ते कळत नाही.

मटणासाठी लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरच्या तळमजल्यावर सकाळी जा. दुपारपर्यंत बाजार आटोपतो, सोमवारी बरीच दुकानं बंद असतात. ‘मटण’ म्हणून बहुतेकदा ऑस्ट्रेलियाची मेंढी मिळते. बोकडाचंच हवं असेल तर ‘गोट’ असं स्पष्ट सांगा. मेंढीला चरबी जास्त, म्हणून तेल निम्मं घाला, नाहीतर तर्री नुसती तुपकट होते. कोंबडी चामडीसकट येते, सोलून मागा.

पाकिटावर मलेशियाच्या जाकिमची खूण असली तरी चालते. खूणच नसेल तर घटकांच्या यादीतले ‘ई’चे आकडे बघा. ई-१२० हा किड्यापासून काढलेला लाल रंग, ई-४४१ जिलेटिन, ई-५४२ हाडांपासूनचं. ई-४७१ वनस्पतीचंही असतं आणि चरबीचंही. ते वनस्पतीचं असल्याचं पाकिटावर लिहिलेलं नसेल तर पाकीट परत ठेवा.

येताना गावाहून खसखस न घातलेला काळा मसाला, वाळलेल्या मिरच्या आणि ज्वारीचं पीठ खुशाल आणा. सुकं मटण आणू नका, विमानतळावरच जप्त होतं. आणि खर्रा तर मुळीच नको राजेहो. चघळायच्या तंबाखूवर इथे बंदी आहे, खिशात एक पुडी सापडली तरी गुन्हा होतो.