गोळा धुतल्याशिवाय क्रिल मोजायला बसू नकोस

क्रिल म्हणजे अंटार्क्टिक समुद्रातला कोळंबीसारखा छोटा जीव. तो आपण इको साउंडरने, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणाऱ्या यंत्राने, मोजतो. पहिल्याच दिवशी त्याच्या स्क्रीनवर लाल डाग दिसला की "क्रिल!" म्हणून ओरडू नकोस. मी ओरडले होते. मासे निघाले.

आधी गोळा. टंगस्टन कार्बाइडचा, ३८.१ मिलिमीटर व्यासाचा. दिसायला लिंबाएवढा, पण हातात घेतलास की दचकशील इतका जड. दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटाच्या स्ट्रॉमनेस बंदरात जहाज नांगरलं की तो तीन नायलॉन दोऱ्यांवर जहाजाच्या पोटाखाली, बरोबर ट्रान्सड्यूसरच्या (ध्वनी सोडणाऱ्या आणि ऐकणाऱ्या भागाच्या) खाली सोडायचा. त्याचा प्रतिध्वनी किती यायला हवा हे ठाऊक असतं. इको साउंडर वेगळं सांगत असेल तर तेवढी दुरुस्ती करायची. सोडण्याआधी गोळा भांडी घासायच्या साबणाच्या पाण्यात बुडव. नाहीतर त्याला हवेचे बुडबुडे चिकटतात, आणि आकडा बुडबुड्यांचाच येतो. गाठी दोनदा ओढून बघ, माझा एक गोळा त्याच बंदराच्या तळाशी पडलाय. फर सील दोऱ्याशी खेळायला आले तर हात चोळत थांबायचं, दुसरा इलाज नाही. अख्खा दिवस यात गेला तरी कुरकुर नको: इथे ३ डेसिबलची चूक राहिली की क्रिल दुप्पट होतो, नाहीतर निम्मा.

मग आखलेल्या रेषांवर १० नॉटने सरळ जायचं, २ सेकंदांना एक पिंग, म्हणजे ध्वनीचा एक ठोका. तेही दिवसाउजेडीच. रात्री क्रिल पृष्ठभागाकडे चढतो, पार ट्रान्सड्यूसरच्याही वर, आणि आपण खालचं रिकामं पाणी मोजत बसतो. जहाजावरची बाकीची ध्वनियंत्रं बंद करून घे किंवा आपल्या पिंगशी जुळवून घे.

वाचताना ३८ आणि १२० किलोहर्ट्झ, या दोन ध्वनींची चित्रं शेजारी लाव. क्रिल १२० वर ठळक उठतो, ३८ वर फिका. जुना ठोकताळा असा: दोन्हींतला फरक २ ते १६ डेसिबल असेल तर क्रिल धरायचा. पोटात हवेची पिशवी असलेले मासे ३८ वरही दणदणीत दिसतात, ते लगेच ओळखू येतात. आइसफिश नावाच्या माशाला पिशवीच नसते, तो फसवतो.

म्हणून जाळं टाकायचंच. वर येतो तो आपल्या जवळ्याचा धिप्पाड भाऊबंद, फार तर ६ सेंटिमीटर. एका क्रिलचा प्रतिध्वनी त्याच्या लांबीवर आणि पाण्यात तो किती तिरका पोहतोय यावर ठरतो, आणि टनांचा सगळा हिशेब त्यावर उभा. २००० साली चार देशांच्या चार जहाजांनी अंटार्क्टिकाजवळचा स्कोशिया समुद्र आणि आसपासचा भाग मोजला, आकडा आला ४ कोटी ४३ लाख टन. पुढे त्याच नोंदींवर गणित सुधारून केलं, तो ६ कोटींवर गेला. समुद्रात कोणी परत गेलं नव्हतं.

लांबी डोळ्याच्या पुढच्या कडेपासून शेपटीच्या टोकापर्यंत घ्यायची, मिलिमीटरमध्ये. ट्रेमधले वाकडे झालेले क्रिल बोटाने सरळ कर, चिमट्याने ओढू नकोस, तुटतात. आणि मोठे मोठे वेचून मोजू नकोस, हाताला येतील तसे घे.