डिजिकॅम फार हळू चालतंय? नवा कॉम्प्युटर घ्यायच्या आधी हे करून बघा

रंगपंचमीची गेर, अनंत चतुर्दशीच्या झांक्या, घरातल्या मुंजी-लग्नं आणि वर आजोबांच्या अल्बममधून स्कॅन केलेले जुने फोटो, इंदूरमधल्या आपल्या मराठी घरांत हे सगळं एका जागी आणलं की आकडा हजारोंच्या घरात जातो. मग डिजिकॅम, म्हणजे फोटो लावून ठेवायचं हे सॉफ्टवेअर, उघडायलाच वेळ लागतो, स्क्रोल केलं की चौकोन रिकामे दिसतात, आणि लोक म्हणतात मशीन जुनी झाली. बहुतेक वेळा मशीनचा दोष नसतो हो, डेटाबेस चुकीच्या जागी असतो.

म्हणून सगळ्यात आधी तेच बघा. डिजिकॅम तुमचे फोटो स्वतःकडे घेत नाही, ते फोल्डरमध्येच राहतात, त्यांची नावं, टॅग, तारखा आणि थंबनेल (यादीत दिसणारी छोटी चित्रं) मात्र वेगळ्या डेटाबेस फाइलींमध्ये जातात. पहिल्यांदा इन्स्टॉल करताना आपण सरळ पुढे-पुढे दाबत जातो आणि या फाइली फोटोंच्याच शेजारी, म्हणजे बऱ्याचदा बाहेरच्या यूएसबी हार्ड डिस्कवर पडतात. तिथे प्रत्येक छोट्या गोष्टीसाठी डिस्कला इकडून तिकडे शोधत बसावं लागतं. फोटो राहू द्या हार्ड डिस्कवर, पण डेटाबेस एसएसडीवर, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या वेगवान डिस्कवर, हवाच.

हलवायचा कसा? डिजिकॅम पूर्ण बंद करा, डॉट डीबीने संपणाऱ्या सगळ्या फाइलींची एक कॉपी वेगळी ठेवा (हे टाळू नका, वर्षानुवर्षांचे टॅग त्यात असतात). मग डिजिकॅम उघडून सेटिंग्जमध्ये डेटाबेसच्या पानावर एसएसडीवरचं फोल्डर द्या, जुना डेटाबेस कॉपी करायचा का विचारलं तर हो म्हणा. नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कवर एसक्यूलाइटचा (डिजिकॅमचा नेहमीचा, फाइलींमध्ये राहणारा) डेटाबेस कधीच ठेवू नका, तिथे तो बिघडू शकतो. १ लाखाच्या आत फोटो असतील तर एसक्यूलाइट पुरतं, त्याच्या वर गेलात तर मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी या सर्व्हरवाल्या डेटाबेसचा विचार करा, पण त्यात सेटअपची कटकट आहे, घरच्या संग्रहासाठी मी तरी घाई करणार नाही.

पुढचं काम अगदी छोटं आहे. सुरू होताना नवे फोटो शोधण्याचा पर्याय सेटिंग्जमध्ये इतर गोष्टींच्या (मिसलेनियस) पानावर असतो, त्याची टिक काढा. आता प्रत्येक वेळी सगळी फोल्डरं चाळली जाणार नाहीत. नवे फोटो टाकलेत की टूल्समधल्या मेंटेनन्समधून स्कॅन स्वतः चालवा, बस.

मग थंबनेल. त्याच मेंटेनन्समध्ये थंबनेल बनवायचं काम आहे, फक्त राहिलेलेच बनवायचे असा पर्याय घ्या, प्रोसेसरच्या सगळ्या कोअर वापरायची टिक लावा आणि रात्री झोपताना सुरू करून द्या. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा आणि तो आपोआप स्लीप होणार नाही हे बघा. सकाळपासून स्क्रोल करताना फरक लगेच जाणवेल. रॉ फोटो (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या मोठ्या फाइली) काढत असाल तर प्रीव्ह्यूसाठी फाइलीत आधीच असलेलं छोटं चित्र दाखवायला सांगा, नाहीतर दर वेळी पूर्ण रॉ उलगडत बसतं.

टॅगांच्या बाबतीत मात्र जरा नीट वाचा. फाइलीत लिहिण्याचा पर्याय चालू असेल तर शंभर फोटोंना एकदम आजीचं नाव दिलं की डिजिकॅम ते प्रत्येक फाइलीत लिहायला जातं आणि तेवढा वेळ सगळं अडकतं. यावर काही जण फाइलीत लिहिणंच बंद करतात, कृपा करून तसं करू नका, डेटाबेस गेला तर नावंही गेली आणि जुन्या फोटोतली माणसं ओळखणारे आता घरात किती उरलेत. त्यापेक्षा सेटिंग्जमध्ये मेटाडेटाच्या (फोटोसोबतच्या माहितीच्या) पानावर नंतर लिहिण्याचा पर्याय, म्हणजे लेझी सिंक, चालू करा. काम पटापट होतं आणि लिखाण तुम्ही सांगाल तेव्हा किंवा बंद करताना होतं, फक्त तेव्हा घाईने प्लग काढू नका.

अधूनमधून मेंटेनन्समधूनच डेटाबेस साफ करा, डिलीट केलेल्या फोटोंच्या नोंदी निघून जातात. विंडोजवर अँटीव्हायरस डेटाबेसचं फोल्डर सारखं तपासत असेल तर तेवढं फोल्डर त्यातून वगळा.

चेहरे ओळखायचं काम सगळ्यात शेवटी ठेवा, ते प्रोसेसरला सगळ्यात जड जातं. पूर्ण संग्रहावर एकदम लावू नका, एकेक अल्बम घ्या, आधी घरातल्या मोठ्यांना शेजारी बसवून त्यांच्या जुन्या फोटोंचा.