पद्मिनी गरम झाल्यावर स्टार्ट होत नाही? कार्ब्युरेटर उघडण्याआधी हे बघा

जुनी प्रीमियर पद्मिनी घेतलेल्यांना आणि गॅरेजात नव्याने शिकणाऱ्यांना पहिलं सांगणं एकच: गाडी स्टार्ट झाली नाही म्हणून लगेच कार्ब्युरेटर उघडू नका. गॅस्केट फाटतं, फ्लोटची लेव्हल हलते आणि एका बिघाडाचे दोन होतात.

थंड गाडीचं फार अवघड नसतं. सेल मारताना बॅटरी ९.६ व्होल्टच्याही खाली बसत असेल तर ती चार्ज करा, टर्मिनल घासा. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्लगांना वीज वाटणाऱ्या भागाची, कॅप काढून आतून कोरड्या फडक्याने पुसा. पेट्रोलचा भपकारा येत असेल तर चोक बंद करा, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि पंप न करता सेल मारा. हे सगळ्यांना जमतं, तुम्हालाही जमेल.

खरा घोळ गरम गाडीचा. मे महिन्यात घाट चढताना इंजिन गचके देतं आणि बंद पडतं. जमलेले सगळे एकच सांगतात, पेट्रोल लॉक झालं (म्हणजे उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडला), एसी पंपावर, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर, ओलं फडकं टाका. फडकं टाकायचं, चहा घ्यायचा, अर्ध्या तासाने गाडी स्टार्ट. मग निदान बरोबरच होतं असं वाटतं. मला या फडक्याने फार दिवस फिरवलं. कारण त्या अर्ध्या तासात पंपाबरोबर डिस्ट्रिब्युटरही गार होतो आणि त्यावरचा कंडेन्सरही. गुण फडक्याचा की नुसत्या वेळेचा, हे कळायला मार्गच राहत नाही.

कंडेन्सर करतो काय? डिस्ट्रिब्युटरमधला पॉइंट, म्हणजे प्रवाह जोडणारी-तोडणारी धातूची टोकं, उघडला की कॉइलमधला प्रवाह तुटतो. त्या क्षणी पॉइंटमध्ये ठिणगी उडू नये म्हणून कंडेन्सर तो झटका स्वतःत घेतो. त्यामुळे कॉइलचं चुंबकीय क्षेत्र एकदम कोसळतं आणि प्लगला हजारो व्होल्ट मिळतात. कंडेन्सर आतून गळायला लागला की पॉइंटवरच जाळ होतो, प्लगला मिळते ती पिवळट, मरतुकडी ठिणगी. गार असताना तो तग धरतो, तापला की हात टेकतो. अगदी पेट्रोल लॉकसारखंच!

म्हणून तपासा ते गाडी बंद पडलेली असतानाच, गार होण्याआधी. एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या घशात बघा आणि हाताने थ्रॉटल ओढा. पेट्रोलची धार उडली तर बाऊलमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठणाऱ्या वाटीत, पेट्रोल आहे, पंपाला दोष देऊ नका. धार नसेल तर पेट्रोल लॉक किंवा पंप, हे मान्य. मग फिल्टर परत बसवा, कुठे पेट्रोल सांडलेलं नाही ना ते पाहा, आणि कॉइलची मधली वायर डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधून काढून, इन्शुलेटेड पकडीत धरून इंजिनाच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवा. दुसऱ्याला सेल मारायला सांगा. निळी, चटचटणारी ठिणगी हवी. पिवळी दिसली तर पॉइंट बघा. काळे पडून खड्डे पडले असतील तर आधी कंडेन्सरवर संशय घ्या. तो बदलूनही ठिणगी पिवळीच राहिली तर कॉइल.

कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी यायची बंद होऊन पाव शतक झालं. आज दुकानात मिळणाऱ्या कंडेन्सरचा दर्जा एकसारखा नाही, नवा कोराही खराब निघतो. दोन घ्या. पॉइंटचा गॅप साधारण ०.४ मिमी, पण आकडा मॅन्युअलमधला धरा.

उस्ताद निवडताना बघा, की तो ठिणगी तुम्हाला दाखवतो का. नुसता “पाना दे” म्हणणाऱ्याकडे वर्षं जातात. आणि बाटलीने कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतत सेल मारायला लावणाऱ्याकडे तर मुळीच थांबू नका. बॅकफायर झालं की बाटलीसकट हात पेटतो. हा शॉर्टकट नाहीच.

पेट्रोलच्या बाजूचं थोडक्यात. आता पेट्रोल पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि या गाड्यांचे रबरी पाइप, पंपाचा डायाफ्राम त्यासाठी बनलेले नाहीत. गाडी बरेच दिवस उभी असेल तर पाइप बोटांनी दाबून बघा. मऊ, चिकट लागले किंवा भेगा दिसल्या तर सेल मारण्याआधी इथेनॉल चालणारे पाइप घाला.