नागपुरात बसून व्हिडिओ गेमवरचा लेख संपादकाकडे पाठवताना

गेमवर लिहू इच्छिणारी मुले माझ्याकडे चौकशीला येतात, तेव्हा बहुतेकांजवळ एखाद्या नव्या गेमचे पूर्ण लिहून काढलेले परीक्षण असते आणि ते कुठे पाठवावे, एवढेच त्यांना विचारायचे असते. कुठेही पाठवू नका, हे माझे उत्तर त्यांना रुचत नाही. मोठ्या गेमची परीक्षणे इंग्रजी प्रकाशने सहसा पगारी किंवा ओळखीच्या लेखकांकडून करून घेतात. ठरलेल्या वेळेआधी काही छापणार नाही या अटीवर, म्हणजे एम्बार्गोवर, त्यांना गेम विक्रीला येण्यापूर्वीच मिळालेला असतो. बाहेरच्या माणसाला वाव असतो तो वृत्तलेखात, मुलाखतीत किंवा निबंधात, आणि तिथे आधी पाठवायची असते ती पिच, म्हणजे लेखाचा दोन-तीन परिच्छेदांचा प्रस्ताव.

प्रस्तावात नुसता विषय सांगून भागत नाही. ‘भारतातील मोबाइल गेमिंग’ यावर संपादक हो म्हणणार तरी कशाला? ‘नागपूरच्या उन्हाळ्यात बीजीएमआय हा मोबाइल गेम कसा खेळतात’ या प्रश्नाला मात्र उत्तर असते, आणि ते शोधायला लंडनचा लेखक येणार नसतो. पारा ४५ अंशांकडे सरकला की फोन तापतो, प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो आणि ऐन चकमकीत चित्र अडखळू लागते. म्हणून इथली पोरे कूलरच्या झोतात फोन धरून बसतात, कोणी फोनच्या पाठीला चिमुकला पंखा लावतो, आणि कूलरची दमट हवा फोनला मानवते की नाही, यावर सीताबर्डीतला दुरुस्तीवाला न विचारताही आपले मत देतो. हा मजकूर पाहून एका संपादकांनी विचारले, की हे सारे खरे, पण आत्ताच का छापावे? हा प्रश्न प्रत्येक प्रस्तावाला विचारला जातो. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जी मोबाइलवर बंदी आली, जुलै २०२१ मध्ये तो बीजीएमआय या नावाने अवतरला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा हटवला गेला आणि मे २०२३च्या अखेरीस परतला तेव्हा आपल्याकडे नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वात तापलेले मानले जाणारे नऊ दिवस, सुरू होता. हा योगायोगच माझ्या प्रस्तावाचे पहिले वाक्य झाला.

ईमेलच्या विषयाच्या ओळीत ‘पिच’ हा शब्द आणि लेखाचे संभाव्य शीर्षक असावे. कोणाशी बोलणार, किती शब्द होतील आणि लेख केव्हा देणार, हे स्पष्ट लिहावे. स्वतःबद्दल दोन वाक्ये आणि छापून आलेल्या दोन लेखांचे दुवे पुरतात. लहानपणापासून गेमचे वेड असल्याचे सांगू नये, कारण ते सगळ्यांनाच असते. त्या प्रकाशनाने हा विषय आधी हाताळला आहे का, हे पाठवण्यापूर्वी तपासावे. आठवडा-दोन आठवडे उत्तर आले नाही तर एकदाच नम्रपणे आठवण करावी आणि तरीही शांतता असेल तर प्रस्ताव दुसरीकडे न्यावा.

छापील नमुना नसेल तर मराठीत सुरुवात करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. दिवाळी अंकांची जुळवाजुळव दिवाळीच्या कितीतरी आधी सुरू होते, म्हणून त्या संपादकांना वेळेत फोन करावा. तिथे मात्र प्रस्तावापेक्षा पूर्ण लेखच मागितला जाण्याची शक्यता अधिक.

मानधन, हक्क आणि पैसे केव्हा मिळणार, हे लिहायला बसण्यापूर्वी ईमेलवर ठरवून घ्यावे. मागवलेला लेख छापला नाही तर ठरलेल्या रकमेचा काही भाग मिळतो का, तेही तेव्हाच विचारावे. यात संकोच कसला? अमेरिकी प्रकाशने पैसे देण्यापूर्वी बहुधा डब्ल्यू-८बेन, म्हणजे आपण अमेरिकेबाहेरचे करदाते आहोत हे सांगणारा फॉर्म, भरून घेतात. भारतीय प्रकाशनाने कापलेला टीडीएस विवरणपत्रात दाखवून कराच्या हिशेबात वळता करता येतो, म्हणून पॅन क्रमांक पहिल्याच बिलावर लिहावा.