डेट्रॉइटला नवीन आलात? मग हॉकीचं आधी समजून घ्या

ऑक्टोबरात ऑफिसात कुणी "हॉकी बघतेस का?" असं विचारलं, तर घाईने "हो तर, आमचाच खेळ" म्हणू नका. मी म्हटलं होतं. 1996 साल, नोकरीचा दुसरा आठवडा. ध्यानचंद, ऑलिंपिकची आठ सुवर्णपदकं, सगळं सांगून टाकलं. समोरचे गृहस्थ शांतपणे ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "पण भारतात एवढा बर्फ कुठे पडतो?" इथे नुसतं हॉकी म्हटलं की ती बर्फावरची. आपली ती फील्ड हॉकी, आणि ती इकडे बहुतेक शाळा-कॉलेजातल्या मुली खेळतात.

दरवर्षी नवीन आलेल्यांपैकी कुणीतरी विचारतंच, "ताई, अमेरिकेत हॉकी खरंच एवढी बघतात का हो? टेक्सासमधल्या माझ्या मित्राला तर एका खेळाडूचं नाव सांगता येत नाही." दोन्ही खरं आहे. 2025 चा सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची फायनल, बघणारे 12 कोटींच्या वर होते. हॉकीत 2019 च्या स्टॅनली कपचा (इथल्या व्यावसायिक लीगचा चषक) सातवा, निर्णायक सामना (बॉस्टन विरुद्ध सेंट लुइस) सुमारे 89 लाखांनी पाहिला, आणि हॉकीच्या मानाने तो भरघोस आकडा! याउलट 2010 च्या ऑलिंपिकमधली अमेरिका-कॅनडा फायनल बघायला 2 कोटी 76 लाख लोक बसले होते. फेब्रुवारी 2025 मध्ये चार देशांच्या स्पर्धेची फायनल पुन्हा याच दोघांत झाली, तेव्हाही 93 लाख. म्हणजे देश खेळत असला की सगळे बघतात. एरवी जो तो आपल्या गावचा संघ बघतो आणि तो हरून बाहेर पडला की टीव्ही बंद करून बागेतल्या कामाला लागतो. मुंबई-चेन्नईची आयपीएल नागपूरकरही बघतो, तसं इथे फारसं होत नाही. त्यात स्टॅनली कपच्या फायनलला कॅनडातल्या एखाद्या शहराचा संघ आला की आकडा आणखी खाली, कारण तिकडचे प्रेक्षक अमेरिकेच्या मोजणीत येतच नाहीत.

त्यामुळे देशभराचे आकडे विसरा, आपण कुठे राहतो ते बघा. तुम्ही आलाय डेट्रॉइटला. हे गाव स्वतःला 'हॉकीटाउन' म्हणवतं. इथल्या रेड विंग्ज संघाने 1997 मध्ये 42 वर्षांनी कप जिंकला, तो माझा इथला पहिला उन्हाळा. प्लेऑफमध्ये, म्हणजे कपसाठीच्या बाद फेऱ्यांत, इथले प्रेक्षक बर्फावर ऑक्टोपस फेकतात. खराखुरा, मासळीबाजारातून आणलेला. ही प्रथा 1952 ची: तेव्हा कप जिंकायला आठ सामने जिंकावे लागत, म्हणून आठ पायांचा प्राणी. आमच्या सासूबाई पहिल्यांदा आल्या होत्या, त्यांनी टीव्हीवर ते पाहिलं आणि समोरचं ताट बाजूला सारलं. त्यांना बोलवायच्या आधी सांगून ठेवायला हवं होतं.

आता टीव्हीवर बघायचं कसं. पहिल्या दिवशी काहीही कळणार नाही, ते मनाला लावून घेऊ नका. चेंडू नसतो, पक असतो: तीन इंच रुंद, एक इंच जाड, रबराची काळी चकती. ती इतकी सुसाट जाते की गोल झाल्याचं लाल दिवा लागल्यावर कळतं. अमेरिकन लोकांचीही हीच तक्रार होती. म्हणून फॉक्स वाहिनीने जानेवारी 1996 पासून पकच्या आत इलेक्ट्रॉनिक्स बसवून पडद्यावर त्याच्याभोवती निळी प्रभा दाखवायला सुरुवात केली. जोरात मारला की मागे लाल शेपूट. मी 1997 च्या वसंतात शेजाऱ्यांच्या तळघरात ते पाहिलं आणि टीव्ही बिघडलाय असं समजून अँटेना हलवायला उठले. शेजारचे आजोबा म्हणाले, "बस खाली. टीव्ही ठीक आहे, त्यांची डोकी बिघडलीयत." जुन्या प्रेक्षकांना तो प्रकार मुळीच आवडला नाही आणि 1998 नंतर तो बंद झाला. मला मात्र त्या निळ्या डागानेच खेळ शिकवला, हे मी आजोबांना कधी सांगितलं नाही.

आता तो डाग नाही. पण टीव्ही मोठे आणि स्वच्छ झालेत, शिवाय एक युक्ती आहे: पक शोधत बसू नका, खेळाडू कुठे बघतायत ते बघा. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग, मधे सुमारे अठरा मिनिटांची सुटी, त्यात कुकर लावून होतो. नियमांपैकी आधी पेनल्टी समजून घ्या. चूक करणारा गडी दोन मिनिटं काचेच्या खोक्यात बसतो आणि त्याचा संघ एकाने कमी पडतो. कबड्डी खेळलेल्याला हे लगेच कळतं, फक्त उलटं आहे. कबड्डीत आपल्या संघाने गडी मारला की आपला बाद गडी जिवंत होतो. इथे त्या दोन मिनिटांत समोरच्याने गोल केला की आपला गडी सुटतो. आणि एकाच खेळाडूने तीन गोल केले की लोक टोप्या फेकतात. त्याला हॅट्रिकच म्हणतात. हा शब्द मूळचा क्रिकेटचा, हे ऑफिसात जरूर सांगा. ध्यानचंदपेक्षा ते जास्त चालतं.

पैसे घालवायच्या आधी 'ब्लॅकआउट' हा शब्द पाठ करा. स्थानिक सामन्यांचे हक्क स्थानिक क्रीडावाहिनीकडे, देशभराचे दुसऱ्याकडे (2021 पासून ईएसपीएन-एबीसी आणि टीएनटी). मी एका कंपनीचं वर्षभराचं पॅकेज उत्साहाने घेतलं, पहिल्याच संध्याकाळी चिवडा घेऊन बसले, तर पडद्यावर पाटी: हा सामना तुमच्या भागात उपलब्ध नाही. फ्लोरिडाचा, अ‍ॅरिझोनाचा, सगळ्यांचा सामना दिसत होता, आपल्या गावचा तेवढा नाही. फोनवरच्या बाईंनी मला मुद्दामच तसं असतं हे पंचवीस मिनिटं समजावलं. लास व्हेगाससारख्या काही गावांत 2023 पासून सामने साध्या अँटेनावर फुकट दिसू लागलेत. आपल्याकडे एक वेगळी चैन आहे: नदीपलीकडे विंडसर, म्हणजे कॅनडा. वीस डॉलरचा अँटेना खिडकीत लावा, नऊ नंबरवर सीबीसी लागतं, आणि हंगामात शनिवारी रात्री कॅनडाची हॉकी. तिकडे तर 2008 पासून पंजाबीतही समालोचन होतं. 2016 च्या फायनलमध्ये निक बोनिनोने गोल मारला तेव्हा पंजाबी समालोचकाने "बोनिनो, बोनिनो, बोनिनो" असा जो सूर लावला, तो इतका गाजला की पिट्सबर्गने कप जिंकल्यावर त्या मंडळींना विजयसोहळ्याला बोलावलं. मराठीत कुणी करेल तेव्हा मी पहिल्या रांगेत.

एप्रिल ते जून जरा जपून. प्लेऑफमध्ये बरोबरी झाली की गोल होईपर्यंत खेळतच राहतात. 2 जून 2008, सोमवार. रेड विंग्ज कपपासून अर्ध्या मिनिटावर होते आणि पिट्सबर्गने बरोबरी साधली. तीन जादा डाव झाले, मध्यरात्र उलटून गेली, आणि हरलो. मंगळवारी सकाळी नऊच्या मीटिंगला आमचे साहेब कॉफीत मीठ घालत होते आणि कुणी त्यांना अडवलं नाही. बुधवारी जिंकलो. त्याच बुधवारी आम्ही गणपतीची पहिली बैठक ठेवली होती. पाच जण आले. त्यातल्या दोघांना टीव्ही कुठल्या खोलीत आहे तेवढंच विचारायचं होतं.