आहे त्या कॅमेऱ्यात समाधानी कसं राहावं: एक तक्रारवही आणि पन्नास फसलेले फोटो

‘कॅमेऱ्याचं काय एवढं, नजर महत्त्वाची!’ हे वाक्य मला आजवर ज्यांनी ज्यांनी ऐकवलं, त्या प्रत्येकाच्या गळ्यात दीड-दोन लाखांचा ऐवज लटकत होता. दुसरा आवडता सल्ला म्हणजे ‘आहे त्यात समाधान मान’. मान म्हटल्याने मानता येत असतं तर काय हवं होतं? मी तीनदा ‘आता बास’ म्हटलं आणि तिन्ही वेळा वर्षभरात दुकानाची पायरी चढले. चौथ्यांदा बास झालं ते टिकलं, कारण त्या वेळी निश्चय वगैरे केलाच नाही, हिशेब केला. तो असा करावा.

सगळं सामान पलंगावर मांडा आणि वर्षभरात ज्याला हात लागला नाही ते बाजूला काढा.

मग गेल्या दोन वर्षांतले फोटो घ्या. सगळे नकोत. जे छापले, कुणाला आवर्जून पाठवले, भिंतीवर लावले, तेवढेच. ते फोकल लेंथप्रमाणे (लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा; जितका मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं) मोजा. लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये मेटाडेटाचा, म्हणजे फोटोसोबत नोंदलेल्या माहितीचा, फिल्टर असतो. पैसे घालायचे नसतील तर हीच माहिती वाचणारं एक्झिफटूल मोफत आहे. यात दोन खड्डे आहेत. फोटोत नोंदलेली फोकल लेंथ लेन्सवर लिहिलेलीच असते, त्यामुळे दोन वेगवेगळ्या सेन्सरांचे कॅमेरे वापरले असतील तर क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग लहान असलेल्या कॅमेऱ्याच्या, आकड्याला दीडने गुणा, कॅननचा असेल तर १.६ ने, आणि मगच एकत्र मोजा. दुसरा खड्डा जास्त फसवा. झूमच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे १८-५५ मध्ये ५५ ला, फोटोंचा ढीग दिसतो आणि माणूस लगेच ‘मला २०० पाहिजे’ म्हणतो. आधी ते फोटो उघडून बघा. त्यातल्या किती ठिकाणी दहा पावलं पुढे जाता आलं असतं? माझ्या ढिगात बहुतेक ठिकाणी आलं असतं. मी बाकावरून उठले नव्हते, एवढंच.

आता अवघड भाग. माझे पैसे आणि तीन वर्षं इथेच गेली.

पन्नास फसलेले फोटो काढा. फसलेले म्हणजे जे चांगले यावेत अशी जिवापाड इच्छा होती आणि आले नाहीत. (डिलीट करून टाकायची सवय असेल तर ती आजपासून बंद.) दोनशे पानी वही घ्या. एका ओळीत एक फोटो: काय बिघडलं, शटर (किती वेळ उघडं होतं), अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक; ‘एफ’चा आकडा लहान तेवढं भोक मोठं आणि उजेड जास्त), आयएसओ (वाढवला की कमी उजेडातही शटर जलद चालतं, पण फोटोत दाणे वाढतात) आणि मी कुठे उभी होते. शेवटच्या रकान्यात गुन्हेगाराचं नाव. गुन्हेगार पाचच असतात: हात हलला, समोरचं हललं, फोकस भलतीकडे बसला, जागा किंवा वेळ चुकली, आणि सामान कमी पडलं.

ओळखायचं कसं? फोटोतली भिंत, झाड, माणसं सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल तर हात हलला. भिंत स्वच्छ आणि माणूस पुसलेला असेल तर माणूस हलला, म्हणजे शटर हळू होतं. माणूस मऊ आणि त्याच्या मागचं गवत काडी-काडी दिसेल इतकं रेखीव असेल तर फोकस गवतावर आहे. आणि सगळं नीट असूनही फोटो कंटाळवाणा वाटत असेल तर जागा चुकली. हे शेवटचं लिहिताना हात अडखळतो. माझाही अडखळला. पहिल्या दिवशी मी पन्नासातल्या तीसच्या वर फोटोंपुढे ‘सामान कमी’ लिहून मोकळी झाले होते. म्हणून ताकीद देते: पहिल्या दिवसाचा शेवटचा रकाना पेन्सिलीने लिहा आणि आठवड्याने पुन्हा बसा.

माझ्या वहीतल्या पहिल्या ओळीची गोष्ट सांगते. आषाढी वारीत पुरंदवड्याला माउलींच्या पालखीचं गोल रिंगण होतं. माझ्याकडे ५५-२०० चं स्वस्त झूम होतं. ढगाळ दुपार, एफ ५.६, आयएसओ २००, शटर सेकंदाचा २५० वा भाग. अश्व समोरून धावत गेला आणि फोटोत मागचे वारकरी, पताका, टाळसुद्धा स्पष्ट, अश्व मात्र पाण्यात भिजलेल्या चित्रासारखा. मी घरी येऊन ठरवलं, लेन्स भिकार आहे. हप्त्यावर ७०-२०० एफ २.८ घेतली, दीड किलोची. पुढच्या वर्षी त्याच मैदानावर गेले. जाण्याआधी एका जाणकाराने कानमंत्र दिला होता, ‘ही लेन्स २.८ ला जरा मऊ असते, ५.६ वर ठेव.’ ठेवली. आयएसओ २०० च्या वर न्यायचा नाही, हे एका शिबिरात मनावर बिंबवलेलंच होतं. आभाळ तसंच, आकडे तेच, शटर पुन्हा २५० वा भाग. अश्व पुन्हा पुसलेला. या वेळी मान तेवढी जास्त दुखत होती.

हे मला वही लिहीपर्यंत कळलं नाही. दोन्ही वर्षांचे फोटो एकाखाली एक आले आणि शटरचा रकाना सारखाच दिसला, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. जुन्या लेन्सवर आयएसओ ८०० केला असता तर शटर हजाराव्या भागावर गेलं असतं. खर्च शून्य. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर शोषणारी सोय, माझा हात सांभाळत होतं, पण ते धावता घोडा थांबवत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीचा दोरही हप्त्यावर.

आयएसओच्या भीतीबद्दल एकच सांगते. २४ मेगापिक्सेलचा फोटो साध्या २४ इंची पडद्यावर शंभर टक्के मोठा करणं म्हणजे साडेपाच फुटी प्रिंट हातभर अंतरावरून बघणं. तसं बघून कुठल्याही कॅमेऱ्यात दाणे दिसतील. आठ बाय बारा इंची प्रिंट काढा, हातात धरा आणि मग तक्रार करा.

‘नाचता येईना अंगण वाकडं’ हे ठीक, पण कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं. भाचीच्या भरतनाट्यमला सभागृहातला उजेड इतका बेताचा की आयएसओ ६४०० आणि एफ ५.६ वर शटर ६० वा भाग. आणखी वर न्यायला जागा नाही, पुढे सरकायला परवानगी नाही. हे सामानाचंच अपयश. तिथे ५० मिलिमीटरच्या एफ १.८ लेन्सने शटर ५०० व्या भागाच्या पुढे जातं, आणि ती बहुतेक कंपन्यांच्या स्वस्त लेन्सांत मोडते. माझा नियम असा: ‘सामान कमी’ हा शेरा तीन वेगवेगळ्या दिवशी, एकाच कारणासाठी, आणि सगळी बटणं फिरवून झाल्यावर आला, तरच खरेदीचा विचार. त्यातही आधी भाड्याने. भिगवणला फ्लेमिंगोंसाठी मला ६०० मिलिमीटर लागतं, कारण नावाडी एका मर्यादेपुढे नाव नेत नाही आणि नेऊही नये. पण लागतं वर्षातून दोन दिवस. दोन दिवसांसाठी हत्ती पाळायचा नसतो.

मेगापिक्सेलची खाज सुटली तर वर्गमूळ आठवा. २४ वरून ४५ म्हणजे जवळजवळ दुप्पट वाटतं, पण लांबीत प्रिंट जेमतेम ३७ टक्के वाढतो. बारा बाय अठरा इंचाला ३०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपक्यांनी, साडेएकोणीस मेगापिक्सेल पुरतात. तुम्ही त्याहून मोठं शेवटचं कधी छापलंत?

पलंगावर बाजूला काढलेलं विका. मूळ बिल जवळ ठेवा, मेमरी कार्ड काढून घ्या. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात गेलात तर पहिल्याच दुकानात हो म्हणू नका. मी म्हटलं होतं, आणि ती ७०-२०० घेतलेल्या किमतीच्या निम्म्यालाही गेली नाही.

जे उरलं ते सांभाळा, कारण बुरशीने लेन्स खाल्ली की नवी घ्यायला आयतं निमित्त मिळतं. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवायचा सल्ला देणाऱ्याला तांदूळच द्या. पीठ सगळ्या फटींत जाऊन बसतं. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढं पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. चामड्याची पाकिटं पावसाळ्यात डब्याबाहेर.

वही चालू ठेवा. माझी अजून चालू आहे. नवं मॉडेल आलं की मी आधी शेवटची दहा पानं चाळते. गेल्या खेपेला त्यात सात वेळा ‘जागा चुकली’ होतं, आणि त्यावर कुठल्याच दुकानात इलाज नव्हता. रिंगणाला जाणार असाल तर दोन तास आधी पोहोचा, अश्व वळतो त्या बाजूला दोरीलगत बसा, आणि आयएसओ ८०० करूनच कॅमेरा पिशवीतून बाहेर काढा. तिथे गर्दीत आठवत नाही.